न घडलेले वऱ्हाड

गेल्या ज्येष्ठात अकोल्याहून एक हस्तलिखित माझ्याकडे आले. लिहिणारा माझा जुना विद्यार्थी. शाळेत चित्रकलेत त्याचा हात बेताचाच चाले. पण नकाशा काढावयास दिला की हा मुलगा वर्ग सुटल्यावरही बाकावरून उठत नसे. आता तो एका जिनिंग कारखान्याचे हिशेब ठेवतो आणि रात्री लिहितो. कादंबरी तीनशे पृष्ठांची आहे. विषय असा : आफ्रिकेतील एक वसाहत, तिचे नाव काल्पनिक. तेथील गोऱ्या मळेवाल्यांनी १९५५ च्या सुमारास, रक्ताचा थेंब न सांडता, काळ्या बहुसंख्य रहिवाशांच्या हाती राज्य सोपविले. म्हणजे न घडलेला इतिहास. सोबत चिठ्ठी होती : ‘सर, खरे मत कळवा. मला वाईट वाटणार नाही.’ असे जे लिहितात त्यांनाच अधिक वाईट वाटते, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

त्याला पत्र लिहावयास घेतले ते काही संपेना. आषाढ गेला, श्रावण गेला, आणि इकडे दिवाळी अंकाच्या संपादकांचे तगादे सुरू झाले. तेव्हा तेच पत्र थोडे नीटनेटके करून वाचकांपुढे ठेवीत आहे. मी समीक्षक नाही. मॅट्रिक होऊन चित्रकलेची पदविका घेतलेला अमरावतीचा एक मास्तर, तीन कादंबऱ्यांचा धनी आणि चौथी अर्धवट टाकून दिलेला. त्या चौथीचा संबंध पुढे येणार आहे, म्हणून आताच सांगून ठेवतो.

जर-तरच्या इतिहासाचे नाव निघाले की मराठी वाचकाला जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा आठवते, आणि ते योग्यच आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर अशा जगात जाऊन पोचतात, जेथे पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागलेली नाही. ती निसटती गेली आणि मराठे जिंकले. २०२५ च्या मे महिन्यात नारळीकर गेले तेव्हा मी ही कथा पुन्हा काढून वाचली, आणि या खेपेस एका निराळ्याच जागी अडलो. त्या जगात पेशवे राज्य करतात, विद्या आणि यंत्रे यांना आश्रय देतात, इंग्रज किनाऱ्याला चिकटून राहतो. आणि मग विसावे शतक उजाडल्यावर पेशव्यांच्या जागी हळूहळू लोकनियुक्त सभा येतात, हे लेखक दोन-चार वाक्यांत सांगून मोकळे होतात. बंदुकीची एक गोळी बोटभर सरकावी यासाठी सारी कथा. आणि शनिवारवाड्याने तलवार न उपसता सत्ता सोडली या त्याहून अघटित गोष्टीस दोन-चार वाक्ये!

यात नारळीकरांना दोष देण्याचा हेतू नाही. त्यांचे कुतूहल योगायोगाचे होते, आणि ते शास्त्रज्ञाला शोभणारेच आहे. शिवाय याच कथेत आझाद मैदानावरच्या सभेचा तो बहारीचा प्रसंग आहे. अध्यक्षांवाचून सभा चालविण्याची सवय झालेले ते श्रोते. मंचावरची रिकामी खुर्ची पाहून आमचे गंगाधरपंत सवयीने तिच्यात जाऊन बसतात, भाषणाला उभे राहतात, आणि श्रोते अंडी-टोमॅटोंचा मारा करून त्यांना पळवून लावतात. आम्ही सारे हा प्रसंग वाचून हसतो. ती खुर्ची रिकामी कशी झाली हे मात्र कुणी विचारीत नाही. गोळीच्या जर-तरवर आम्हा मराठी लोकांचा फार जीव आहे. खुर्चीच्या जर-तरवर नाही.

माझ्या विद्यार्थ्याने खुर्चीचा विषय घेतला, म्हणून प्रथम त्याचे कौतुक. त्याचे चौथे प्रकरण, ज्यात कॉफीच्या एका मळ्याचा वर्षाचा जमाखर्च येतो, ते मी दोनदा वाचले. मजुराला काय मिळाले, रेल्वेने काय घेतले, पेढीचे व्याज किती चढले, हे आकड्यांनी सांगता सांगता त्या मळेवाल्याचे अख्खे घर त्याने उभे केले आहे. हिशेबनीस कादंबरी लिहावयास बसला की असे काही हाती लागते. आम्हा मास्तर मंडळींना ते साधत नाही. परंतु नवव्या प्रकरणात गव्हर्नर पावसाळी संध्याकाळी व्हरांड्यात बसतो. ब्रह्मदेशातील लढाईत पडलेल्या मुलाची त्याला आठवण येते. त्या मुलाला शेवटचे पाणी एका आफ्रिकी शिपायाने पाजले होते. गव्हर्नरचे डोळे भरून येतात. आणि दहाव्या प्रकरणात झेंडा बदलतो! नवव्या आणि दहाव्या प्रकरणांच्या मध्ये सहा वर्षे आहेत आणि एक कोरे पान आहे.

त्या कोऱ्या पानाशी मी थबकलो, कारण ते माझ्या ओळखीचे होते.

सुमारे दहा वर्षांपूर्वी मी जी चौथी कादंबरी लिहावयास घेतली होती तिचा विषय वऱ्हाडच होता, आणि तिचे मूळ एका खऱ्या पत्रात होते. वऱ्हाडच्या बाहेरील वाचकांना ही हकीकत ठाऊक नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. आमचा हा काळ्या मातीचा मुलूख मूळ निजामाचा. १८५३ साली, फौजेच्या खर्चापोटी, तो इंग्रजांनी आपल्या ताब्यात घेतला. १९०२ साली कर्झनने वर्षाला पंचवीस लाख रुपये ठरवून तो कायमच्या पट्ट्याने लिहून घेतला. दुसऱ्याच वर्षी वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांताला जोडला गेला. मालकी निजामाची, वहिवाट इंग्रजाची आणि कापूस आमचा, असा हा तिढा होता. कायद्याने वऱ्हाड हा ब्रिटिश हिंदुस्थान नव्हेच, म्हणून नागपूरच्या कौन्सिलात आमचे लोक निवडून गेले तरी सरकार त्यांना पुन्हा आपण नेमल्यासारखे करी. आपलाच माणूस, मते देऊन धाडलेला, आणि कागदोपत्री तो सरकारने नेमलेला! वऱ्हाडी माणूस मुळात थट्टेखोर का झाला याची कारणे शोधणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे.

तर २५ ऑक्टोबर १९२३ रोजी निजाम मीर उस्मान अली खान यांनी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांना पत्र लिहून वऱ्हाड परत मागितले, आणि त्या पत्रात वऱ्हाडच्या प्रजेला एक वचन दिले. वऱ्हाड परत आले तर तेथे आपल्या वतीने फक्त एक सनदशीर गव्हर्नर राहील. अंतर्गत कारभार पूर्णपणे लोकांच्या ताब्यात असलेल्या जबाबदार राज्यपद्धतीने चालेल. ब्रिटिश सरकारशी संबंध आणि आपले लष्कर, एवढेच विषय बाहेर राहतील. १९२३ साली हे! मध्यप्रांताच्या मंत्र्यांच्या हाती तेव्हा शिक्षण, आरोग्य असली किरकोळ खाती होती. पैसा आणि पोलीस गव्हर्नरच्या मुठीत. रीडिंगने २७ मार्च १९२६ च्या उत्तरात ही मागणी फेटाळली, आणि इंग्रजी सत्ता हिंदुस्थानात सर्वश्रेष्ठ आहे, तिच्याशी बरोबरीने वाटाघाटी करण्याचा हक्क संस्थानिकाला नाही, असे निजामाला खडसावून सांगितले. ते उत्तर इतिहासाच्या पुस्तकांत गाजले. प्रश्न वऱ्हाडचा होता हे मात्र मागे पडले.

मी या पत्रावर भुललो. समजा रीडिंगने हो म्हटले असते! १९२७ च्या सुमारास अमरावतीला वऱ्हाडची विधानसभा भरते, आमचेच मंत्री, आमचाच अर्थसंकल्प, कापसाच्या पैशातून कालवे आणि शाळा... मी दहा प्रकरणे लिहिली. चित्रकलेचा मास्तर असल्यामुळे सभागृहाचा आराखडाही पेन्सिलीने काढून ठेवला होता : अध्यक्षांचा मंच कोठे, सभासदांची बाके कशी, वर प्रेक्षकांची गॅलरी. अकराव्या प्रकरणात त्या सभेचे उद्घाटन व्हावयाचे होते.

ती प्रकरणे मी माझ्या मामांना वाचून दाखविली. मामांचे गाव मूर्तिजापूरच्या बाजूला. त्यांचे शिक्षण सातवीपर्यंत, पण कान तिखट. त्यांनी सारे ऐकून घेतले, सुपारी कातरली, आणि म्हणाले, “बाबू, थो कागद निजामानं लिवला, इंग्रजानं वाचला. माह्या आज्याले कोणं इचारलं?”

त्यांचे आजोबा, म्हणजे माझे आईकडचे पणजोबा, गावचे महारकीचे वतन करीत. चावडीवर सांगावा पोचविणे, साहेब आला की घोड्यापुढे धावणे, मेलेले ढोर ओढणे. माझ्या कादंबरीत ते कोठेही नव्हते. मंत्री होते, वकील होते, सरकीचे व्यापारी होते, अकोल्याची सभा होती, एक बंडखोर संपादकही होता; पण ज्याच्या नावे हे राज्य चालावयाचे त्या बहुसंख्येतला माणूस मी गॅलरीतसुद्धा बसविला नव्हता. आणि बसविणार तरी कसा? त्या काळचा मताधिकार सारा-पट्टी भरणाऱ्यांचा. पणजोबांना मत नव्हते. ज्या १९२७ साली मी अमरावतीत माझी विधानसभा भरविली, त्याच सालात त्याच अमरावतीत अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रहाची तयारी चालली होती. पंजाबराव देशमुख त्यात पुढे होते, आणि नोव्हेंबरातल्या परिषदेचे अध्यक्षस्थान बाबासाहेब आंबेडकरांनी स्वीकारले होते. माझ्या सभागृहापासून ते देऊळ चालत जाण्याच्या अंतरावर होते, आणि दहा प्रकरणांत माझे एकही पात्र तेथवर चालत गेले नाही. हस्तलिखित मी ट्रंकेत घातले आणि ट्रंक माळ्यावर टाकली.

मामांच्या प्रश्नाने मला त्या पत्रातच आणखी एक गोष्ट दाखविली. निजाम जे वऱ्हाडला देऊ करीत होते ते खुद्द हैदराबादेत, मराठवाड्यात, तेलंगणात त्यांनी दिलेले नव्हते. जे आपल्या हाती नाही त्यातून स्वराज्य वाटणे सोपे असते. हातात आहे ते कोण सोडतो? इकडे वऱ्हाडच्या पुढाऱ्यांनाही निजामाकडे परत जाणे मुळीच नको होते. १९३६ च्या करारात निजामाचे वऱ्हाडवरील स्वामित्व कागदावर मान्य झाले, त्यांच्या वडील मुलाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली, आणि जेथील प्रजेने त्याला कधी नीट पाहिले नाही अशा मुलखाचा तो राजपुत्र झाला. पुढे हैदराबादेत सत्ता वेळेवर सोडली गेली नाही. १९४८ च्या सप्टेंबरात फौजा शिरल्या, पाच दिवसांत राज्य संपले. आणि त्या धामधुमीत आणि तिच्या मागोमाग किती माणसे मेली याचा पंडित सुंदरलाल समितीने केलेला अंदाज २७ ते ४० हजारांचा आहे, त्यात बहुतेक मुसलमान. तो अहवाल कित्येक वर्षे कुणाला पाहावयास मिळाला नाही. न घडलेल्या शांततेचा हा असा घडलेला हिशेब आहे, आणि माझ्या कादंबरीला त्याची झळही लागली नव्हती.

(जाता जाता : वऱ्हाड कुणाचे, ही धाकधूक १९४७ च्या श्रावणातही होती. ८ ऑगस्टला, स्वातंत्र्याला आठवडा उरला असताना, अकोल्यात पुढाऱ्यांनी करार केला. संयुक्त महाराष्ट्राचा एक प्रांत, त्यात पश्चिम महाराष्ट्र आणि महाविदर्भ असे दोन उपप्रांत, त्यांची विधिमंडळे वेगळी. त्याचे पुढे काय झाले हे आम्ही १९६० पासून पाहतच आहोत. अकोल्याच्या माणसाला करार म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. म्हणून माझ्या विद्यार्थ्याच्या कादंबरीत एकही करार नसावा याचे मला विशेष नवल वाटले.)

मग शांततेने सत्ता सोडल्याची खरी गोष्ट आहेच कोठे? ती आहे, आणि मराठीच आहे. मात्र ती आमच्याकडची नाही, पश्चिमेकडची, औंध संस्थानातली आहे. बहात्तर गावांचे ते चिमुकले संस्थान. त्याचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, रामायणाची चित्रे काढणारे, सूर्यनमस्कारांचा घरोघर प्रचार करणारे. चित्रकलेचा मास्तर या नात्याने मला हा राजा अगोदरपासून प्रिय आहे, तेव्हा माझ्या शब्दांतून वाचकांनी चार आणे वजा करावे. १९३८ साली, वयाच्या सत्तरीत, त्यांनी राज्य प्रजेला द्यावयाचे ठरविले. घटनेच्या मसुद्यासाठी त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब आणि मॉरिस फ्रिडमन हे पोलंडचे गृहस्थ आमच्या शेजारच्या वर्ध्याला गांधींकडे येऊन बसले. जानेवारी १९३९ मध्ये घटना अमलात आली : गावोगाव निवडलेल्या पंचायती, त्यांवर तालुक्याच्या समित्या, आणि त्यांतून वर प्रतिनिधींची सभा.

या गोष्टीतही एक खडा आहे, आणि कादंबरीकाराने तो उचलून पाहावा. मत कुणाला? गांधी पूर्वी सरसकट प्रौढ मताधिकाराचे होते. औंधच्या वेळी मात्र त्यांनी लिहितावाचता येणे ही अट योग्य मानली. त्यांचे म्हणणे असे, की मंत्री प्रामाणिक असतील तर या अटीमुळेच साक्षरता झपाट्याने पसरेल. आणि घटनेने प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले होते. आता हीच अट आफ्रिकेत नेऊन पाहा. दक्षिण ऱ्होडेशियाच्या १९६१ च्या घटनेत मतदारांच्या दोन याद्या होत्या. उत्पन्न, मालमत्ता आणि शिक्षण यांच्या चाळणीतून वरच्या यादीत जावयाचे. विधिमंडळाच्या ६५ जागांपैकी ५० वरच्या यादीच्या, १५ खालच्या. शिका आणि या, असे काळ्या माणसाला सांगावयाचे, आणि शाळा मात्र इतक्याच बांधावयाच्या की तो कधी येऊन पोचू नये. १९६५ च्या नोव्हेंबरात तेथील गोऱ्यांनी तेवढेही नको म्हणून परस्पर स्वातंत्र्य पुकारले, आणि १९८० साली झिंबाब्वे होईपर्यंत मधली वर्षे बंदुकीत गेली. अट एकच, आणि एका ठिकाणी ती पायरी, दुसऱ्या ठिकाणी भिंत. हा फरक गव्हर्नरच्या डोळ्यांतील पाण्याने कळत नाही; शाळांच्या यादीने कळतो. माझा विद्यार्थी हिशेबनीस आहे. ही यादी त्याच्याइतकी चांगली कुणाला करता येईल?

औंधचे दिवस मराठी वाङ्मयात अगदीच आले नाहीत असे नाही. व्यंकटेश माडगूळकर त्याच मुलखातले, आणि ‘बनगरवाडी’तला राजाराम मास्तर त्याच संस्थानचा नोकर. १९५५ सालची ही कादंबरी मी दर दोन वर्षांनी वाचतो. एकशिक्षकी शाळेच्या मास्तराने वाचावी अशी दुसरी कादंबरी मराठीत नाही. राज्यघटना हा तिचा विषय नव्हे. तरीही धनगरांनी अंगमेहनतीने उभारलेली ती तालीम, तिच्या उद्घाटनाला वाडीवर आलेले राजेसाहेब, आणि पुढे दुष्काळाने ओस पडलेली वाडी, हे वाचताना मला वाटते की सत्ता गावात उतरते म्हणजे काय होते, हे या मास्तराइतके कुणी जवळून पाहिले नाही. कुणाच्या शेताचे भांडण, कुणाचे पोर शाळेत का येत नाही, कारभाऱ्याचा रुसवा, हिशेबाच्या पैशांवरून उठलेला संशय. मोठ्या घोषणेनंतर उरते ते एवढेच, आणि त्यातच सारे असते. माडगूळकरांनी घोषणा वगळली आणि हे ठेवले. आम्ही दोघांनी, मी आणि माझ्या विद्यार्थ्याने, घोषणा ठेवली आणि हे वगळले.

१९४८ च्या मार्चात औंध मुंबई राज्यात विलीन झाले. नऊ वर्षांचा प्रयोग संपला. आणि त्याच वर्षी अप्पासाहेब पंत हिंदुस्थान सरकारचे कमिशनर म्हणून नैरोबीला गेले. माझ्या विद्यार्थ्याला हे ठाऊक नव्हते, आणि मला हे त्याला सांगताना जो आनंद झाला तो मास्तरकीतला दुर्मिळ आनंद होय. ज्याच्या बापाने आपण होऊन गादीचा अधिकार उतरविला तो मराठी माणूस, गोऱ्या मळेवाल्यांच्या केनियात! तेथील सुपीक डोंगराळ जमिनी गोऱ्यांसाठी राखलेल्या. मध्ये हिंदी दुकानदार, ज्याच्या दुकानाला स्वाहिली भाषेने ‘दुका’ हा आपलाच शब्द दिला. आणि तळाशी किकुयू शेतकरी. अप्पासाहेब जोमो केन्याटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांत मिसळू लागले, आफ्रिकी मुलांना हिंदुस्थानात शिकावयास शिष्यवृत्त्या मिळवून देऊ लागले, आणि तेथील हिंदी लोकांना सांगू लागले की तुमचे भवितव्य आफ्रिकनांबरोबर आहे. हे ऐकणे दुकानदारांनाही नेहमी गोड वाटत नसे. १९५२ च्या ऑक्टोबरात आणीबाणी आली, केन्याटा तुरुंगात गेले. अप्पासाहेबांच्या उठबशीवर वसाहतीच्या सरकारचा राग होताच. १९५४ मध्ये त्यांचे तेथील काम संपले. माउ माउच्या त्या वर्षांत गोऱ्या रहिवाशांपैकी ३२ जण मारले गेले. इंग्रजांनी फासावर चढविलेल्यांची संख्या एक हजाराच्या वर आहे. छावण्यांतील छळाची भरपाई ब्रिटिश सरकारने दिली ती २०१३ साली, पाच हजारांहून अधिक म्हाताऱ्या माणसांना.

अप्पासाहेबांना शांततेचा मार्ग पाठ होता, आणि केनियात तो चालला नाही. का चालला नाही, हा प्रश्न मला कोणत्याही न घडलेल्या इतिहासाहून मोलाचा वाटतो. औंधला सोडावयाची होती ती सत्ता. जमीन मुळात कसणाऱ्यांचीच होती. केनियात जमीन सोडावयाची होती. १९६३ साली राज्य मिळाले तेव्हाही गोऱ्यांच्या जमिनी विकत घ्याव्या लागल्या, इंग्रजांनीच दिलेल्या कर्जातून. झिंबाब्वेच्या करारातही, पहिली दहा वर्षे मालक राजी असेल तरच जमीन घ्यावयाची, अशी अट होती. माझ्या विद्यार्थ्याच्या कादंबरीत चौथ्या प्रकरणात जमिनीचा पै-पैचा हिशेब आहे, आणि दहाव्या प्रकरणात झेंडा बदलल्यावर ती जमीन कुणाची झाली याविषयी अक्षर नाही. तो कॉफीचा मळा हवेत विरून गेला.

त्याने शेजारच्या टांगानिकाकडे पाहावयास हवे होते, असे मी त्याला लिहिले. कारण तेथे त्याला हवे होते ते खरोखरच घडले. ज्युलियस न्येरेरे मुळात शाळामास्तर. लोक त्यांना आयुष्यभर ‘म्वालिमू’ म्हणजे गुरुजी म्हणत राहिले. इंग्रजांनी निवडणूक देऊ केली ती अशी, की प्रत्येक मतदाराने एक आफ्रिकी, एक गोरा आणि एक आशियाई अशा तिघांना मत द्यावयाचे. मूठभरांना आणि लक्षावधींना सारख्याच जागा. पक्षातील पुष्कळांना हा अपमान वाटला आणि बहिष्कार घालावा असे वाटले. १९५८ च्या जानेवारीत टाबोरा गावी पक्षाची परिषद भरली. न्येरेरेंनी तेथे आपल्या माणसांना ही कडू गोळी गिळावयास राजी केले. मग त्यांच्या पक्षाने गोरे आणि आशियाई उमेदवारही आपल्याच बाजूचे निवडून आणले. ९ डिसेंबर १९६१ रोजी टांगानिका स्वतंत्र झाला, लढाई न होता. या हकीकतीत भरून आलेले डोळे नाहीत. दमलेले, चिडलेले लोक एका आडगावी बसून वाद घालीत आहेत, आणि एक मास्तर त्यांची समजूत घालतो आहे. मला विचाराल तर विश्वासरावांच्या गोळीइतकाच हा रोमहर्षक प्रसंग आहे. पण यावर मराठीत कुणी कथा लिहील असे वाटत नाही, कारण यात कुणी घोड्यावर बसलेले नाही.

भाद्रपदात अकोल्याला गेलो होतो तेव्हा हस्तलिखित त्याच्या हाती परत दिले. बसस्थानकाजवळच्या टपरीवर चहा घेतला. समासातील माझे शेरे तो चाळीत होता. त्या कोऱ्या पानापाशी मी पेन्सिलीने पाच-सहा प्रश्न लिहिले होते : जमीन कुणाची, मत कुणाला, शाळा किती, हिंदी दुकानदार कोठे आहे, व्हरांड्यात गव्हर्नरला चहा आणून देणाऱ्या खानसाम्याचे नाव काय.

“सर,” तो म्हणाला, “हे सगळं घातलं तर गव्हर्नरला जागाच उरत नाही.”

“नको उरू दे.”

“पण कादंबरी त्याचीच आहे ना!”

यावर मी काही बोललो नाही. माझी बस लागली होती. मूर्तिजापूरला बस थांबली तेव्हा मामांकडे उतरावे असे मनात आले, पण उतरलो नाही. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. केनियात, टांगानिकात नावे कशी ठेवतात ते कोठे वाचावयास मिळेल, असे तो विचारीत होता; खानसाम्याला नाव द्यावयाचे, तर ते त्याच्या जमातीचे हवे, वाटेल ते चालणार नाही. त्याने चैत्रापर्यंत मुदत मागितली आहे. मीही ट्रंक माळ्यावरून खाली काढली आहे. सभागृहाचा आराखडा वाळवीने एका कोपऱ्यात खाल्ला आहे, मंचाच्या बाजूला. गॅलरी शाबूत आहे.